मालदीवचे जुने प्रवाळ का बुडाले? उत्तर समुद्राच्या प्रवाहांत आणि भोवऱ्यांत

मालदीवची बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी वाचायला मिळते आणि तिचा मथळा जवळजवळ ठरलेला असतो: हा देश बुडणार. सुमारे १,२०० बेटे, त्यांतल्या जेमतेम २०० बेटांवर वस्ती, आणि बहुतेक बेटे समुद्रसपाटीपासून एक मीटरसुद्धा वर नाहीत. काळजी खरीच आहे. पण "बुडणार म्हणजे नेमके काय होणार?" असे आम्ही आठवी-नववीच्या वर्गात विचारतो, तेव्हा एकच उत्तर येते. बर्फ वितळणार, पाणी चढणार, बेट खाली जाणार. मोठी माणसेही हेच सांगतात.

मालदीवच्या समुद्राखालची जुनी चुनखडी मात्र जरा वेगळी हकीकत सांगते. तिथले प्रवाळ पूर्वी एकदा खरोखरच मोठ्या प्रमाणावर बुडाले आहेत, सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी. त्या वेळी पाणी किती चढले यापेक्षा ते किती जोरात वाहू लागले, ही गोष्ट जास्त भारी पडली. हे शास्त्रज्ञांना कसे कळले आणि आजच्या मालदीवशी त्याचा काय संबंध आहे, ते पाहू.

आधी अगदी तळाशी जाऊ. कोकणातून घाट चढताना जो काळा कातळ दिसतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पृथ्वीच्या पोटातून ज्या ठिकाणी हा तप्त झोत वर येत होता ते ठिकाण साधारण तिथेच राहिले आणि भारताचा भूभाग मात्र उत्तरेकडे सरकत गेला. त्यामुळे लाव्हाच्या डोंगरांची एक लांब ओळच समुद्रात उठली. मालदीवच्या तळाचा काळा दगड त्याच ओळीतला, सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. तोच झोत आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे आपला सह्याद्री आणि मालदीवचा पाया एकाच भट्टीतून निघालेले आहेत. फरक एवढाच की मालदीवचा डोंगर हळूहळू खचत पाण्याखाली गेला आणि त्याच्या डोक्यावर प्रवाळ वाढत राहिले. डोंगर खाली, प्रवाळ वर, असे कोट्यवधी वर्षे चालले. आज त्या काळ्या दगडावर दोन ते तीन किलोमीटर जाडीची चुनखडी आहे. सगळी जिवांनी बनवलेली.

प्रवाळ म्हणजे उर्दूतला मूंगा. मर्जान हा शब्द तर सूरह रहमानमुळे घराघरांत माहीत आहे आणि बहुतेक तर्जुमे त्याचा अर्थ प्रवाळ असाच देतात. हा लहानसा जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. पण चुनखडी एकट्या प्रवाळाची नसते. चुना साठवणारी शेवाळे असतात, शिंपले असतात आणि फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. यांची कवचे बहुधा रव्याच्या कणाएवढी किंवा त्याहून लहान. काही तळाशी राहतात, काही पाण्यात तरंगतात, आणि मेल्यावर सगळ्यांची कवचे तळाशी पडतात. दाबली जाऊन, चुन्याने सांधली जाऊन त्यांचा दगड होतो. पुढच्या हकीकतीत या बारीक कवचांचे काम मोठे आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

असा दगड माणसाच्या हाताला कसा लागतो, हे बघायचे तर मालेमधली हुकुरु मिस्की, म्हणजे जुमा मशीद पाहावी. सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याच्या काळात, १६५८ मध्ये ती बांधून झाली. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. हा दगड पाण्यातून काढल्यावर ओला असताना करवतीने कापता येतो आणि वाळला की कठीण होतो. कारागिरांनी त्यावर नक्षी कोरली आणि खाचेत खाच बसवून भिंती उभ्या केल्या.

मालदीवच्या बेटांची ठेवणही समजून घ्यायला हवी. १३४३ मध्ये इब्न बतूता तिथे पोहोचला आणि काही काळ काझी म्हणून राहिला. बेटांचे घोळके अंगठीसारखे गोल असतात आणि आत शिरायला दरवाजासारखी एक वाट असते, असे त्याने लिहून ठेवले आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला कंकणद्वीप म्हणतो आणि इंग्रजीत ज्याला अ‍ॅटॉल म्हणतात, त्याचे हे वर्णन. अ‍ॅटॉल हा शब्दच मुळी मालदीवच्या धिवेही भाषेतला. ही कंकणद्वीपे उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर पसरलेली आहेत आणि मधल्या भागात त्यांच्या दोन रांगा आहेत, पूर्वेची आणि पश्चिमेची. दोन रांगांच्या मधे एक आतला समुद्र आहे, काही ठिकाणी ५०० मीटरच्या आसपास खोल. आणि दोन कंकणद्वीपांच्या मधून खोल खिंडी आहेत, ज्यांतून बाहेरच्या महासागराचे पाणी या आतल्या समुद्रात येते-जाते.

ते पाणी ढकलतो तो मान्सून. हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आलेला, आपण मोसम म्हणतो तोच. मालदीवमध्ये दोनच मोसम मानतात. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथे 'हुळंगू', नैऋत्येचा वारा. हिवाळ्यात 'इरुवाई', ईशान्येचा वारा. वारा फिरला की समुद्राचा प्रवाहही फिरतो. पावसाळ्यात पाणी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे खिंडींतून जाते, हिवाळ्यात उलट. अरुंद वाटेत पाणी वेग घेते, हे आपल्या ओढ्यात-नदीतही दिसते.

वेगाने जाणारे पाणी अडथळ्याला लागले की भोवरे तयार होतात. उर्दूत याला भंवर किंवा गिर्दाब म्हणतात आणि शायरीत तो नेहमी नाव बुडवायलाच येतो. भूगोलातला भोवरा मात्र बराच कामाचा आहे. काही भोवरे प्रचंड असतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ दर पावसाळ्यात सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचा भोवरा फिरतो. अलेक्झांडर फिंडले यांनी १८६६ मध्ये त्याची नोंद केली. आज तो 'ग्रेट व्हर्ल' म्हणून ओळखला जातो. मालदीवच्या खिंडींच्या तोंडाशी होणारे भोवरे त्यामानाने लहान, पण दगडाच्या दृष्टीने ते आणि प्रवाह मिळून दोन कामे करतात: कुठे खरवडायचे आणि कुठे साठवायचे, हे ठरवतात.

घरी करून बघण्यासारखे आहे. बिनगाळलेला चहा कपात जोरात ढवळा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कपाच्या कडेला फेकली जाईल असे वाटते. पण ती तळाशी मध्यभागी गोळा होते. कारण तळाजवळचे पाणी कपाच्या घर्षणाने मंद फिरते आणि आतल्या बाजूला सरकते, सोबत पत्तीला नेते. फिरणारे पाणी जड कण कुठे नेऊन टाकेल, हे अंदाजाने सांगणे सोपे नाही, एवढे तरी त्यातून मुलांना कळते. दुसरे उदाहरण तुमच्या गावच्या नदीचे. पावसाळा संपला की पुलाच्या खांबाजवळ जाऊन बघा. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला खांबाच्या पायाशी खड्डा पडलेला असतो आणि मागच्या बाजूला वाळूची शेपटी साठलेली असते. खड्डा खांबाला वळसा घालणाऱ्या भोवऱ्यांनी पाडलेला, शेपटी मंदावलेल्या पाण्याने टाकलेली.

आता खांबाच्या जागी एक अख्खे कंकणद्वीप ठेवा आणि एका पावसाळ्याच्या जागी लाखो वर्षे. समुद्राच्या तळाशी नेमके हेच घडलेले दिसते. जिथे प्रवाह उताराला घासून जातो तिथे खंदकासारखी लांब घळ. तिच्या शेजारी, जिथे पाणी मंदावते, तिथे कवचांच्या वाळूचा लांबट उंचवटा. अशा प्रवाहाने रचलेल्या ढिगांना शास्त्रज्ञ 'ड्रिफ्ट' म्हणतात.

मालदीवमधले हे ढीग कसे सापडले, ते सांगण्यासारखे आहे. २००७ मध्ये 'मेटेऑर' या जर्मन संशोधन जहाजाने तिथे फिरून तळाखाली ध्वनिलहरी सोडल्या. प्रत्येक थरावरून आवाजाचा थोडा भाग परत येतो. त्यावरून कापलेल्या केकसारखे थरांचे चित्र मिळते. सोनोग्राफी कशी होते हे घरातल्या बायकांना विचारा, तत्त्व तेच. या चित्रांत खाली सपाट, जागच्या जागी वर वाढत गेलेले प्रवाळांचे चौथरे दिसले आणि वर एकदम वेगळ्याच आकाराचे थर: उंचवटे, घळी, एकावर एक झुकलेले पट्टे. हे नीट तपासायचे तर दगड हातात यायला हवा होता. म्हणून २०१५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'जॉइडस रिझोल्यूशन' या जहाजाने मालदीवच्या पाण्यात आठ ठिकाणी विंधन केले. इंटरनॅशनल ओशन डिस्कव्हरी प्रोग्रामची ही ३५९वी मोहीम. तिचे नेतृत्व हॅम्बुर्गचे ख्रिश्चन बेट्झलर आणि मायामीचे ग्रेगर एबर्ली यांनी केले. (त्याच वर्षी याच जहाजाने अरबी समुद्रातही विंधन केले होते. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे होते आणि ती मुंबई बंदरात संपली.)

विंधनातून दगडाच्या लांब कांड्या निघतात. मालदीवच्या कांड्यांत खालचा दगड उथळ, उजेडाच्या पाण्यातला निघाला: प्रवाळ, शेवाळे, उथळ तळावरचे जीव. वरचा दगड खोल पाण्यातला, तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांच्या कवचांनी भरलेला. त्यातला बारीक गाळ बऱ्याच ठिकाणी वाहून गेलेला. घरी तांदूळ धुताना वरचे पांढरे पाणी ओतून देतो आणि दाणे खाली राहतात, तसा चाळलेला माल. कोणत्या जातीची कवचे कोणत्या काळात होती हे ठाऊक असल्याने थरांचे वयही काढता आले. हा बदल सुमारे १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वीचा निघाला आणि भूगर्भाच्या हिशेबाने तो अचानक झालेला आहे.

आमच्या मते सगळ्यात बोलका पुरावा दोन खिंडींच्या तोंडाशी मिळाला. तिथे, आतल्या समुद्राच्या बाजूला, नदीच्या त्रिभुज प्रदेशासारखे पंख्याच्या आकाराचे चुन्याचे ढीग आहेत, एकावर एक रचलेले. नदी नाही, जमीन नाही, तरी त्रिभुज प्रदेश! अरुंद खिंडीतून प्रवाह जोरात आला, सोबत कवचांची वाळू आणली. तोंडाशी आल्यावर तो पसरला, दोन्ही बाजूंना भोवऱ्यांत वळला, मंदावला आणि ओझे टाकत गेला. असा ढीग एखाद्या वादळाने होत नाही. प्रवाह वर्षानुवर्षे, लाखो वर्षे त्याच वाटेने येत राहिला, तरच होतो. म्हणजे मान्सूनचे वारे तेव्हापासून नेमाने वाहत होते. अरबी समुद्रातल्या पुराव्यांवरून पूर्वी अनेक अभ्यासक जोरदार मान्सूनची सुरुवात सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीची धरत. मालदीवच्या चुनखडीने वाऱ्यांचा हा जोर बराच मागे नेला. जमिनीवरच्या काही पुराव्यांवरून मान्सूनचा पाऊस त्याहूनही कितीतरी जुना दिसतो, तो वाद अजून चालूच आहे.

आता मूळ प्रश्न. प्रवाह सुरू झाले, ठीक. पण त्यामुळे प्रवाळ का मरावेत? उलट वाहते पाणी चांगले, असे आपण समजतो.

गोम अशी की प्रवाळाला स्वच्छ, जवळजवळ उपाशी पाणी लागते. ज्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेटसारखे खत कमी, ते पाणी पारदर्शक राहते, ऊन खोलवर जाते आणि प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शेवाळे त्या उन्हावर अन्न बनवतात. जोराचा प्रवाह चौथऱ्याच्या उतारावर आदळला, भोवरे झाले, की खालचे थंड आणि खतयुक्त पाणी वर येते. खत आले की पाण्यात तरंगणारे जीव बेसुमार वाढतात, पाणी गढूळ-हिरवे होते, ऊन अडते. मोकळी शेवाळे प्रवाळावर चढतात, आणि चुना पोखरणारे किडे आणि स्पंज यांचीही चंगळ होते. बांधणारे मंदावतात, पोखरणारे वाढतात. त्यात जोराचा प्रवाह तुटलेली वाळूही पाय रोवू देत नाही. डोंगर खाली खचतोच आहे. रोजची बांधणी त्या खचण्याला पुरेनाशी झाली की चौथरा उजेडाच्या थरातून खाली निसटतो आणि मग परत वर येत नाही. दगडातही याची खूण आहे. त्याच पातळीवर मँगनीजचे प्रमाण घसरते, आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला की तसे होते. तरंगणारे जीव भरमसाट वाढून मेले, कुजले, त्यांनी प्राणवायू खाल्ला, असा त्याचा अर्थ लागतो.

पाण्याची पातळी वाढूनच चौथरे बुडाले नसतील कशावरून, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच. पहिली गोष्ट, त्या काळाच्या थोडे आधीच, सुमारे १ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वी, अंटार्क्टिकावरचे बर्फ वाढू लागले होते आणि समुद्र एकंदरीत खाली गेला होता. दुसरी, पाणी नुसते चढून चौथरा बुडाला असता तर त्यावर गाळाची चादर सगळीकडे सारखी पसरली असती. इथे घळी आणि उंचवटे आहेत. तिसरी, सगळे चौथरे बुडाले नाहीत. आज कार्दिवा नावाच्या रुंद खिंडीखाली मेलेला चौथरा आहे आणि त्याच्या आजूबाजूचे तग धरून राहिलेले भाग आजची कंकणद्वीपे झाली आहेत. पातळीचे चढउतार चालू होते आणि त्यांनीही हातभार लावला असणार, पण एकट्या पातळीने हे कोडे सुटत नाही. आणि चौथी गोष्ट अगदी अलीकडची: गेल्या हिमयुगानंतर समुद्र सुमारे १२० मीटर चढला, तरी मालदीवचे प्रवाळ पुन्हा वर आलेच. निरोगी प्रवाळ चढत्या पाण्याचा पाठलाग करू शकतो. आजारी प्रवाळ करू शकत नाही.

हे भोवरे आजही काम करत आहेत. बा कंकणद्वीपाच्या पूर्व कडेला हानिफारू नावाची लहान खाडी आहे. हुळंगूच्या दिवसांत भरतीचे पाणी आणि मोसमी प्रवाह मिळून तिच्या तोंडात तरंगणारे सूक्ष्म जीव कोंबतात. मागे फिरणारा भोवरा त्यांना आत अडकवून ठेवतो आणि मांटा नावाचे अजस्र पाकट मासे जेवायला जमतात. मोसम बदलला की हिरवे पाणी बेटांच्या दुसऱ्या बाजूला सरकते आणि मांटाही तिकडे जातात. म्हणजे खत वर आणणारी यंत्रणा बंद पडलेली नाही. उरलेल्या प्रवाळांनी तिच्याशी जमवून घेतले आहे.

जमवून घेण्याला मर्यादा असते, आणि खरी चिंता तिथे आहे. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये समुद्र तापल्याने मालदीवचे प्रवाळ पांढरे पडले. २०१६ मध्ये तपासलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक. पांढरे पडणे म्हणजे आतली शेवाळे निघून जाणे, घरातली चूल विझणे. त्यातच वस्तीचे सांडपाणी किनाऱ्याजवळच्या पाण्यात गेले तर तेच खत माणसाच्या हातून पोहोचते, जे तेव्हा खालून वर आले होते. जगभरात समुद्र सध्या वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो आहे. निरोगी प्रवाळाला हे अंतर अगदीच अशक्य नाही. म्हणून मालदीव किती वर्षांत बुडेल, असे विचारणाऱ्याला आम्ही आधी उलट विचारतो, तिथला प्रवाळ किती टक्के जिवंत आहे?

बेटेही प्रवाळावर उभी नाहीत, प्रवाळाच्या चुऱ्यावर उभी आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. वक्कारू बेटाभोवती केलेल्या अभ्यासात असे निघाले की तिथली ८५ टक्क्यांहून अधिक नवी वाळू पोपट मासा बनवतो. तो चोचीने प्रवाळाचा दगड खरवडतो, शेवाळ पचवतो आणि चुना वाळू म्हणून बाहेर टाकतो. ऐकून मुले हसतात, पण हा मासा भरमसाट पकडला तर बेटाचा वाळूपुरवठाच आटतो.

आणि ही वाळूसुद्धा एका जागी बसून नसते. न्यूझीलंडचे पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बा कंकणद्वीपातल्या बेटांचे किनारे मोसमामागून मोसम मोजले. हुळंगूत लाटा पश्चिमेकडून येतात आणि पुळणीची वाळू बेटाला वळसा घालून पूर्वेकडे जाते. इरुवाईत ती परत फिरते. खोल पाण्यातल्या त्या चुन्याच्या ढिगांसारखीच ही मांडणी, फक्त सहा-सहा महिन्यांची. बेटाच्या एका बाजूला धक्का किंवा दगडी बांध आडवा टाकला की ही फेरी मधेच अडते. वाळू बांधाच्या एका अंगाला चढत जाते, दुसऱ्या अंगाला मोसम बदलला तरी परत येत नाही, आणि त्या बाजूच्या घरांसमोरची पुळण कमी होऊ लागते. समुद्र त्या वर्षी एक मिलिमीटरही चढला नसला, तरी.